येणार असल्यास १ पाठवा

माझा सगळा जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेला. बढाई म्हणून सांगत नाही, मला पगारच त्याचा मिळत होता. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तेहतीस वर्षं मी तयार माल तपासायला होतो. टॉवेल उजेडावर धरायचा, कुठे धागा तुटलाय, कुठे तेलाचा डाग पडलाय, किनार कुठे वाकडी शिवलीय ते बघायचं आणि खोट सापडली की माल बाजूला फेकायचा. ही सवय हाडीमाशी खिळली ती रिटायर झाल्यावरही सुटली नाही. लग्नपत्रिकेतली तारीख आणि वार जुळत नाही हे गावात पहिल्यांदा मला दिसतं. माझी बायको येसूबाई म्हणायची, "भाकरीत खडा न्हाय घावला तर तुमी दिवसभर शोधत बसाल." तिला जाऊन आता तीन वर्षं झाली.

अशा माणसाने दवाखान्यात आपला स्वतःचा मोबाईल नंबर चुकीचा सांगितला. लोकांनी हसावं अशीच गोष्ट आहे.

बिराजदारांचा दवाखाना आमच्या वस्तीपासून सायकलवर दहा मिनिटं. थोरले डॉक्टर शिवप्पा होते तेव्हा तिथे एक बाक, एक हिरवा पडदा आणि एक म्हातारा कंपाउंडर एवढाच पसारा होता. लाल औषधाच्या बाटलीला कागदाची पट्टी चिकटवलेली, तिच्या खाचा बघून डोस घ्यायचा. डॉक्टर नाव विचारत नसत. "काय हणमंत, आज कुणाच्या टॉवेलात भोक काढलंस?" एवढं म्हणून नाडी धरत. आता ते थकले. त्यांचा मुलगा सोमेश पुण्यातलं मोठं हॉस्पिटल सोडून आला आणि बापाच्या खुर्चीत बसला. पहिल्या दिवशी मी त्या पोराला त्या खुर्चीत बघितलं आणि खरं सांगतो, मला थोरल्या डॉक्टरांचा हेवा वाटला. माझाही मुलगा होता की.

सोमेश डॉक्टरांनी दवाखान्याचं रूपच पालटलं. भिंतीवर मोठा फलक लावला, 'आमच्या सेवा'. रक्तदाब तपासणी, साखर तपासणी, ईसीजी, लसीकरण, वाफ देणे, कानातील मळ काढणे, आहार सल्ला, वृद्धांच्या घरी येऊन रक्त घेणे, आणि 'जखमेची मलपट्टी'. मधला म गायब. मी ते काउंटरवरच्या मुलीला दाखवलं. मुलगी म्हणजे काव्या, मैंदर्गीकडची, फोनवर आईशी कानडीत बोलणारी आणि पेशंटशी मराठीत भांडणारी. तिने फलकाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"काका, तीन महिने झाले फलक लावून. तुमच्याआधी शंभर जणांनी वाचला असेल."

"शंभर जण वाचत न्हाईत, बघत्यात नुसतं."

"बरं, मोबाईल नंबर सांगा. आता सगळं कॉम्प्युटरवर. तपासणीच्या आदल्या दिवशी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅप येणार."

मी एका दमात दहा आकडे सांगितले. तिने टिपले. ते आकडे माझ्या फोनचे नव्हते, माझ्या मुलाचे, यशपालचे होते. आपला स्वतःचा नंबर कोण पाठ करतं? आपण आपल्याला कधी फोन लावत नाही. मला जन्मात एकच नंबर पाठ आहे आणि तोच जिभेवर आला. त्या दिवशी ते माझ्या ध्यानातही आलं नाही. मी रक्तदाब मोजून घेतला, गोळ्या घेतल्या आणि सायकलवर टांग मारून घरी आलो.

आता यशपालचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

यशपाल हैदराबादला औषधाच्या कंपनीत आहे. गोळ्या तपासतो. बाप टॉवेल तपासायचा, पोरगा गोळ्या तपासतो. तिथे लागला तेव्हा येसूबाईने नवी पेठेतून त्याला दोन शर्ट आणले होते आणि गल्लीभर पेढे वाटले होते. वर्ष सहा महिन्यांनी त्याची नोकरी कायम व्हायची होती आणि नेमकं त्याच वेळी येसूबाईच्या पोटात गाठ निघाली. मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार काही करण्यासारखं नाही. येसूबाईने माझा हात धरला आणि म्हणाली, "यशाला सांगू नका. धावत येईल आन् तिकडं नोकरी जाईल. कायम होऊ द्या, मग सांगू."

मी ऐकलं. अकरा आठवडे मी पोराशी खोटं बोललो. आई बाजारात गेलीय, आई विहारात गेलीय, आई झोपलीय. अधूनमधून तिच्या कानाला फोन लावायचो, तेव्हा ती गादीवर पडल्या पडल्या हसून बोलायची. बाराव्या आठवड्यात मी त्याला खरं सांगितलं, पण तेव्हा सांगण्यासारखं एकच उरलं होतं.

तो आला. मातीला थांबलो होतो आम्ही त्याच्यासाठी. तो रडला नाही. मला एवढंच विचारलं, "कवापासनं?" मी म्हणालो, "अकरा आठवडे." त्याने मान हलवली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, त्याने बॅग भरली आणि दारात चपला घालताना म्हणाला, "आबा, उद्या तुमाला काय झालं तरी मला कळवू नका. सवय हायच की तुमाला."

त्या दिवसापासून तो माझ्याशी बोललेला नाही. पहिलं वर्ष मी दर रविवारी फोन लावला. पूर्ण वाजायचा आणि बंद व्हायचा. मग मीही हट्टाला पेटलो. बाप आहे मी, म्हटलं, किती वाकू? फोन लावायचं सोडलं. पण संध्याकाळी दारात बसलो की बोटं आपोआप दहा आकडे दाबायची. नंबर फोनात साठवलेला आहे, 'यशा' म्हणून, तरी मी आकडेच दाबायचो. दहा आकडे दाबेपर्यंत तो जवळ असल्यासारखा वाटायचा. हिरवं बटण मात्र दाबायचो नाही.

हैदराबाद काही लंडन नाही. सकाळी सोलापुरात गाडीत बसलं की दुपार टळायच्या आत तिथे. मी दोनदा स्टेशनपर्यंत गेलो आणि परत आलो. दर दोन महिन्यांनी उखळात शेंगाची चटणी कुटायचो, येसूबाई कुटायची तशी, त्याच्यासाठी बरणी भरून ठेवायचो. मग ती खवट व्हायला लागली की मीच खायचो. माणूस किती वेड्यासारखं वागतो ते एकट्याने राहिल्याशिवाय कळत नाही.

तर दवाखाना. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी माझी रक्तदाबाची पाळी असायची. तिसऱ्या महिन्यात गेलो तेव्हा काव्या म्हणाली, "काका, सगळे पेशंट तुमच्यासारखे पाहिजेत बघा. बाकीच्यांना मेसेज टाकून वर चार चार फोन करावे लागतात. तुमचं उत्तर मिनिटात येतं."

"कसलं उत्तर?"

"मेसेजला हो. येणार असल्यास १ पाठवा. तुम्ही लगेच १ पाठवता."

"मी न्हाय पाठवलं बा. मला मेसेजच आला न्हाय कदी."

"असं कसं? हे बघा की." तिने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला.

मी चष्मा चढवला. वर नंबर होता. खाली ओळीने लिहिलेलं. 'श्री. हणमंत जोतीराम बनसोडे, आपली रक्तदाब तपासणी मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता आहे. येणार असल्यास १ पाठवा.' त्याखाली, '१'. मग मंगळवारी दुपारचा दवाखान्याचा मेसेज, 'आजचा रक्तदाब १५४/९४. गोळ्या चालू ठेवाव्यात.' बाजूला दोन निळ्या खुणा. पुढच्या महिन्यात परत तेच. परत १. परत दोन निळ्या खुणा.

मला खुर्ची लागली. काव्याने पाणी दिलं. तिला वाटलं रक्तदाब चढला, आणि तो चढलाही असेल.

"नंबर चुकलाय का, काका? बदलू का?"

"न्हाय न्हाय," मी म्हणालो. "बराबर हाय नंबर. राहू दे."

घरी येताना सायकल हातात धरून चालतच आलो. हैदराबादला, औषधाच्या कंपनीत, माझा पोरगा दर महिन्याला वाचत होता की बापाचं रक्त किती दाबाने पळतंय. आणि बाप तपासणीला जाणार असं बापाच्या वतीने कबूल करत होता. कशावरून मी जाणार? त्याला खात्री होती. किंवा खात्री नसेल, पण मी जावं असं वाटत असेल. एका आकड्यात किती अर्थ काढावा, पण मी रस्ताभर काढला. एक भीतीही होती. त्याला वाटलं असेल की बापाने मुद्दाम नंबर दिला, लोचटपणा केला. पण मग त्याने नंबर बंद करून टाकला असता. केला नव्हता.

त्या दिवसापासून माझ्यासारखा पेशंट बिराजदारांना मिळाला नाही. फलकावरच्या सेवा मी एकामागून एक घेत सुटलो. साखर तपासून घेतली, नव्हती. सर्दीची लस टोचून घेतली. कानातला मळ काढून घेतला, डॉक्टर म्हणाले काही निघत नाही, मी म्हणालो नीट बघा. आहार सल्ला घेतला, त्यात त्या बाईने मला जे खायला सांगितलं ते मी जन्मभर खातच आलोय. वाफसुद्धा घेतली, नाक स्वच्छ मोकळं असताना. प्रत्येक सेवेच्या आधी एक मेसेज जायचा आणि नंतर एक. मी काउंटरवर जाऊन काव्याला विचारायचो, "गेला का?" ती म्हणायची, "गेला." मग बाकावर बसायचो आणि थोड्या वेळाने परत विचारायचो, "निळं झालं का?"

"काका, काय आहे हे?" ती वैतागायची. "तुमच्या खिशात तुमचा फोन आहे. तुम्हीच निळं करणार ना?"

दोन महिन्यांनी तीच मला हाक मारून म्हणाली, "काका, हे काय लिहिलंय तुम्ही?" मंगळवारच्या रक्तदाबाच्या मेसेजखाली या वेळी एक ओळ आली होती. 'त्यांना सांगा, वरून मीठ घेऊ नका. ताटात मीठ वाढून घ्यायची सवय आहे.'

"स्वतःबद्दल कुणी 'त्यांना' लिहितं का?" काव्या म्हणाली. मग तिने माझं तोंड बघितलं. बाकावर पेशंट होते, तिने मला आत ड्रेसिंगच्या खोलीत नेलं आणि स्टुलावर बसवलं. मी सगळं सांगितलं. येसूबाई, अकरा आठवडे, चपला घालताना बोललेलं वाक्य. सांगताना मी त्या पोरीसमोर रडलो. लाज वाटली, पण थांबता येईना.

"तुम्ही फोन का नाही करत?" तिने विचारलं.

"उचलणार न्हाय."

"आता उचलतील."

"आन् न्हाय उचलला तर? आत्ता निदान १ तर येतंय. तेबी बंद झालं तर मी काय करू?"

त्यानंतर मी आत आलो की ती न विचारता मान हलवून सांगायची, निळं झालं.

असे आठ महिने गेले. खरं सांगायचं तर गेल्या तीन वर्षांतले ते बरे महिने. मी ताटात वरून मीठ घ्यायचं सोडलं. जेवण सपक लागायचं, पण कुणीतरी सांगितलंय म्हणून सपक लागतंय यात एक गोडी होती. आणि माझा रक्तदाब उतरला. सोमेश डॉक्टर खूश झाले, म्हणाले, "हणमंतकाका, आता दर महिन्याला यायची गरज नाही. सहा महिन्यांनी या." मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, माझं मन न्हाय मानत. महिन्याला येतो की." डॉक्टर हसले. इतका काळजीवाहू पेशंट त्यांनी बघितला नसेल.

मग या मार्गशीर्षात सायकल चढावर घेताना दम लागायला लागला. आधी वाटलं वय. मग डाव्या जबड्यापासून खांद्यापर्यंत ओढल्यासारखं व्हायला लागलं, थांबलं की जायचं. पहिल्या मंगळवारी गेलो आणि डॉक्टरांना सांगितलं. फलकावरची ईसीजी ही सेवा तेवढी राहिली होती, कारण ती उगाच कशी मागायची ते मला जमलं नव्हतं. आता मागावी लागली नाही. डॉक्टरांनीच पट्टी काढली. ती बराच वेळ उजेडाला धरून बघत राहिले. मी तेहतीस वर्षं असंच बघत होतो, त्यामुळे बघणाऱ्याचा चेहरा मला वाचता येतो. खोट सापडली होती.

"काका, हृदयाच्या नळीत अडथळा असावा. आठवड्याच्या आत मोठ्या हॉस्पिटलात जाऊन अँजिओग्राफी करून घ्यायची. चिठ्ठी देतो. ही गोळी जिभेखाली ठेवायची, छातीत दुखलं तर. आणि एकटे जाऊ नका. सहीला घरचं माणूस लागेल. मुलगा आहे ना तुमचा?"

"हाय की," मी म्हणालो.

बाहेर आलो तर काव्या टाईप करत होती. 'ईसीजीमध्ये दोष आढळला आहे. तातडीने'

"थांब," मी म्हणालो. "हे पाठवू नको."

"का?"

"पाठवू नको म्हनतो ना. नंबर बदल. हा घे माझा." मी खिशातून डायरी काढून माझा खरा नंबर तिच्यासमोर धरला. "तो पुसून टाक."

"काका, त्यांनी काल १ पाठवलंय. ते वाट बघत असतील."

"त्याची शुक्रवारी बढतीची परीक्षा हाय. आहारवाल्या बाईच्या मेसेजवर उत्तर देताना लिवलं हुतं त्यानं, अमुक तारखेला परीक्षा म्हणून उशीर झाला. तू विसरलीस? आसलं वाचून पोरगा परीक्षेत काय लिवणार? हून जाऊ दे परीक्षा. मग बघू."

काव्याने माझ्याकडे असं बघितलं की मला राग आला. मी आवाज चढवला. नंबर माझा, मेसेज माझा, हृदय माझं, तुझं काय जातं, असं सगळ्या पेशंटांसमोर बोललो. तिने जुना नंबर काढला आणि नवा घातला. माझ्या खिशात फोन थरथरला. 'ईसीजीमध्ये दोष आढळला आहे. तातडीने हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे. सोबत नातेवाईक आणावा.' मेसेज मी निळा केला.

घरी जाऊन भाकरी खाल्ली आणि भिंतीला टेकून बसलो. आपण शहाणपणा केला असं मनाला बजावत होतो. परीक्षा झाली की सांगू. बढती मिळाली की सांगू. असं म्हणता म्हणता माझीच जीभ अडली. कायम होऊ द्या, मग सांगू. हे माझं वाक्य नव्हतं, येसूबाईचं होतं, पण ते अकरा आठवडे पाळलं मी. आणि आता कुणी सांगितलेलं नसताना परत तेच केलं. एका माणसाच्या हातून एकच खोट दोनदा गेली तर कारखान्यात त्याला उभं करत नसत.

एवढं कळूनही मी फोन केला नाही. कळणं आणि करणं यात माझं निम्मं आयुष्य गेलंय.

बुधवार गेला. गुरुवारी सकाळी फोन वाजला. माझा नंबर आता दवाखान्यात बरोबर होता, म्हणून काव्याला मला फोन करता आला.

"काका, दवाखान्यात या. आत्ता."

"काय झालं?"

"या म्हणते ना. फोनवर नाही सांगत."

रिक्षा केली. सायकल चालवायला डॉक्टरांनी मनाई केली होती. मंगळवारी मी इतकं बोललो होतो, तरी पोरगी दारात उभी राहून वाट बघत होती. तिने मला ड्रेसिंगच्या खोलीत नेलं, त्याच स्टुलावर बसवलं.

"यशपालदादांचा फोन आला होता. इथल्या नंबरवर."

मी स्टुलाची कड घट्ट धरली.

"म्हणाले, मंगळवारी बनसोडेंची तपासणी होती, रक्तदाब किती आला ते कळवलं नाही तुम्ही. दोन दिवस झाले. मी विचारलं, आपण कोण बोलताय? मला माहीत होतं, काका. मुद्दाम विचारलं. डॉक्टरांचा नियमच आहे, नातं कळल्याशिवाय पेशंटचं काही सांगायचं नाही."

"मग?"

"बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटलं, ठेवला फोन. मग म्हणाले, मी त्यांचा मुलगा."

"काय म्हनला?"

"मी त्यांचा मुलगा."

"परत सांग."

काव्याने परत सांगितलं. मी तिला तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तीन वर्षांत ते तीन शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले असतील तर या मैंदर्गीच्या पोरीने, आणि माझे कान मात्र घरात बसले होते.

"तू काय सांगितलंस?"

"पेशंटला विचारून कळवते म्हटलं. सांगू का, काका?"

"न्हाय," मी म्हणालो. "तू नको सांगू."

तिचा चेहरा पडला.

"मी सांगतो."

मी फोन काढला. दहा आकडे दाबले. बोट हिरव्या बटणावर नेलं, तेव्हा काव्या उठून बाहेर गेली आणि तिने दार ओढून घेतलं. मी बटण दाबलं.

पहिली रिंग पुरी वाजली नाही.

"आबा?" त्याचा आवाज. जाड झाला होता. मागे कसल्या तरी यंत्राचा आवाज येत होता.

मला काय काय बोलायचं होतं. तीन वर्षं मनात जुळवून ठेवलेलं सगळं त्या क्षणी पळालं.

"यशा, परीक्षा झाली का?"

"तुमाला कुणी सांगितलं परीक्षेचं? उद्या हाय." मग आवाज चढला, तो माझ्यावरच गेलाय त्याला काय करणार. "मेसेज का आला न्हाय? कुणी थांबवला?"

"मी."

"कशाला?"

"तुला काळजी नको म्हणून."

तो गप्प झाला. त्या गप्प होण्यात मला त्याच्या चपला घालण्याचा आवाज ऐकू आला. आता तो फोन ठेवणार, आणि आता ठेवला की परत कधी उचलणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"यशा, ठेवू नको," मी म्हणालो. "ऐक. माझ्या हृदयात दोष हाय. मंगळवारी कळलं. डॉक्टर म्हनत्यात आठवड्याच्या आत तपासनी करा, सहीला घरचं मानूस आना. मी तुला कळवलं न्हाय. आईच्या वक्ताला कळवलं न्हाय, आन् आता बी तेच करत हुतो. तुझ्या आईनं सांगितलं म्हणून केलं असं मी स्वतःला समजावत आलो, पण ती निजून हुती, फोन माझ्या हातात हुता. चुकलं माझं. लई चुकलं."

हे मी त्याला तीन वर्षांपूर्वी, दारात, त्याची दुसरी चप्पल पायात जायच्या आधी सांगायला हवं होतं. जगाच्या चुका काढणाऱ्याला आपली एक चूक तोंडाने म्हणायला इतका वेळ लागला.

यंत्राचा आवाज बंद झाला, बहुतेक तो बाहेर आला असावा. मग मला श्वास ऐकू आला. रडत होता की चालत होता, कळत नव्हतं, पण फोन त्याने ठेवला नव्हता. मी ड्रेसिंगच्या खोलीत स्टुलावर बसून तो श्वास ऐकत राहिलो. बाहेर काव्या कुणाला तरी सांगत होती, पाच मिनिटं थांबा, आत पेशंट आहे.

"परीक्षेचं?" मी विचारलं.

"मरू द्या परीक्षा. ती परत देता येती."

"बरं."

"मी निघतोय आत्ता." नाक ओढल्याचा आवाज आला. "आबा, मी येईपातूर कुटं जाऊ नका."

"न्हाय जात," मी म्हणालो. "हितंच हाय."